पायाखालचा मजला

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

माझं गाव शेलूबाजार. तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम. हॉस्टेलवर गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की कुठे?" पूर्वी मला कारंजा, मालेगाव अशी सगळी एसटीची पाटीच वाचून दाखवावी लागायची. आता सोपं झालंय. समृद्धी महामार्गावर आमच्या गावाच्या नावाचा इंटरचेंज आहे, एवढं सांगितलं की मुंबई-पुण्याच्या मुलींनाही पटतं की हे गाव खरोखर अस्तित्वात आहे!

पण आज लिहायचंय ते गावाबद्दल नाही, गावापासून तास-सव्वा तासावर असलेल्या एका भुयाराबद्दल. आणि त्याआधी सुरुवात करायची आहे थेट रोमपासून. गोंधळू नका, मीसुद्धा याच उलट्या क्रमाने तिथपर्यंत पोचले.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आठवीत असताना आमच्या एक सिस्टर रोमला जाऊन आल्या होत्या. आल्यावर त्यांनी वर्गात फोटो दाखवले. सेंट पीटर्स वगैरे आम्ही पुस्तकात पाहिलेलंच होतं, त्यामुळे मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली होती. मग त्यांनी एका साध्याशा चर्चचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "या चर्चच्या खाली अजून एक चर्च आहे. आणि त्याच्याही खाली अजून काहीतरी आहे." चुळबुळ बंद!

ते चर्च म्हणजे सान क्लेमेंते. कोलोसियमपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. रस्त्यावरून आत शिरलं की आपण बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये असतो. जिना उतरला की चौथ्या शतकातलं चर्च, ज्याच्या भिंतींवर अकराव्या शतकातली चित्रं अजून दिसतात. आणखी एक जिना उतरला की पहिल्या शतकातलं रोमन बांधकाम, अरुंद बोळ, विटांच्या भिंती आणि त्यातल्या एका खोलीत मिथ्र नावाच्या देवाची वेदी. वेदीवर बैलाचा बळी देणारा मिथ्र कोरलेला आहे. म्हणजे वर येशू आणि खाली मिथ्र! हा मिथ्र इराणी परंपरेतून नाव घेऊन रोमन सैनिकांमध्ये लोकप्रिय झालेला देव. आणि आपल्या वेदांमधला 'मित्र' हा त्याच कुळातला. मित्र म्हणजे फ्रेंड एवढंच मला माहीत होतं. तो रोममध्ये तिसऱ्या मजल्याखाली भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

झालं होतं असं, की बाराव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या चर्चमध्ये दगडमातीचा भराव टाकून त्याच्यावर त्याच नकाशाच्या जवळपास नवीन चर्च उभारलं गेलं. पुढे लोक खालचं विसरूनच गेले. वरचंच ते जुनं चर्च अशी सगळ्यांची समजूत होती. १६७७ पासून हे चर्च आयरिश डॉमिनिकन पाद्र्यांकडे आहे. त्यांच्यापैकी फादर जोसेफ मुलूली यांनी १८५७ मध्ये खोदायला सुरुवात केली आणि एकेक करत दोन्ही मजले सापडले. स्वतःच्या देवळाखाली स्वतःच खणणारा पुजारी! मला त्या वयातही ही गोष्ट फार धाडसाची वाटली होती. कारण खाली काय निघेल ते त्यांना माहीत नव्हतं. निघाला तो दुसऱ्याच देवाचा गाभारा. आणि त्यांनी तो बुजवला नाही.

सिव्हिलला आल्यावर मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडायला लागला. खालच्या मजल्यात पाणी भरायचं. जमिनीखालून वाहणारं पाणी, ते कुठे काढणार? तळमजला कित्येक वर्षं पाण्यातच होता. शेवटी १९१२ ते १९१४ मध्ये तिथून कोलोसियमच्या बाजूच्या जुन्या रोमन गटारापर्यंत सुमारे ७०० मीटरचा बोगदा खणला आणि पाणी काढून दिलं. आजही खाली उतरल्यावर वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येतो म्हणे. आपल्या सॉइल मेकॅनिक्सच्या सरांनी सीपेज शिकवताना हे उदाहरण दिलं असतं, तर माझा पेपर नक्की सुटला असता. असो!

तर मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या दोन मैत्रिणी आमच्या घरी आल्या होत्या. रात्री गच्चीवर मी त्यांना ही सान क्लेमेंतेची गोष्ट रंगवून सांगत होते. आजी बाजूला वाती वळत बसली होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"काऊन वं माय, सातासमुद्रापल्याडचं भुयार माहीत हाये तुले, अन् शिरपूरचं नाही? तिथं तं देवच भुयारात हाये."

मैत्रिणी हसायला लागल्या. मला मात्र खरंच लाज वाटली. कारण शिरपूर मी ऐकलेलं होतं. मालेगाव तालुक्यातलं, जैनांची काशी म्हणतात ते. लहानपणापासून रिसोडकडे जाताना त्याची पाटी पाहिली होती. पण उतरून पाहिलं नव्हतं. रोमच्या तिन्ही मजल्यांची शतकं मला पाठ आणि माझ्या जिल्ह्यातल्या एका मजल्याचा पत्ता नाही!

आजीने मग तिच्या पद्धतीने गोष्ट सांगितली. एलिचपूरच्या, म्हणजे आताच्या अचलपूरच्या राजाला अंगभर कोड फुटलं होतं. फिरत फिरत तो इकडे आला, एका तळ्याच्या पाण्याने तोंड-हातपाय धुतले आणि बरा झाला. मग स्वप्नात दृष्टान्त झाला की या पाण्यात पार्श्वनाथाची मूर्ती आहे. ती धांड्याच्या गाडीत घालून घेऊन जा, पण मागे वळून पाहू नको. राजाने शिरपूरला मागे वळून पाहिलंच! गाडी पुढे गेली आणि मूर्ती तिथेच अधांतरी थांबली. म्हणून देवाचं नाव अंतरिक्ष पार्श्वनाथ. "आधी म्हणे खालून घोडेस्वार जात होता," आजी म्हणाली, "आता लुगड्याचा पदर जाते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. शेलूबाजार ते मालेगाव एसटी, मालेगावहून पुढे शिरपूर. वाटेत दोन्ही बाजूंना तुरी फुलावर होत्या. तिघीही इंजिनियरिंगच्या, त्यामुळे बसमध्ये थिअऱ्या सुरू. इलेक्ट्रिकलवालीने मॅग्नेट काढला. मेकॅनिकलवाली म्हणाली, एखाद्या टोकावर सपोर्ट असणार, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी बघायला हवा. मी सिव्हिलची, मी म्हटलं आधी खालचा दगड बघू!

मंदिर गावात आहे. बाहेरून पाहिलं तर फार मोठं वाटत नाही. कारण मुख्य गोष्ट वर नाहीच. वाकून, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. बाहेर दिवाळीतलं ऊन आणि आत एकदम गारवा. चंदन, तूप आणि दगड यांचा मिळून एक वास. डोळे अंधाराला सरावले तेव्हा काळी मूर्ती दिसली. पद्मासनात बसलेली, डोक्यावर नागाचा फणा. आमच्या थिअऱ्या कुठल्या कुठे गेल्या. तिघीही गप्प.

वर आल्यावर एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसले होते. आमची कुजबुज त्यांनी ऐकली असावी. म्हणाले, "पोरींनो, मोजायले आल्या का दर्शनाले?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्यांच्या त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

कारण त्या भुयाराची खरी गोष्ट आजीच्या गोष्टीत संपत नाही. या मंदिरावर दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांचा जीव आहे. दोघांचाही देव एकच, पार्श्वनाथ, पण पूजेची रीत वेगळी. १९०५ मध्ये दोघांनी बसून पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. ते टिकलं नाही आणि वाद अकोल्याच्या कोर्टात गेला. तिथून वर जात जात १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत! म्हणजे आमच्या मालेगाव तालुक्यातल्या भुयाराबद्दल लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांनी निकाल दिला. तरीही वाद मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ते उघडलं. ४२ वर्षं! या काळात लोकांनी देव पाहिला तो एका छोट्या झरोक्यातून.

कोणाची बाजू बरोबर हे सांगायला मी बसलेले नाही. तो माझा अधिकार नाही, आणि माझा कुठला पंथही नाही. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझ्या बाबांच्या लहानपणापासून माझं बारावीचं कॉलेज सुरू होईपर्यंत ते दार बंद होतं. म्हणजे मधली एक पूर्ण पिढी अशी गेली, जिने आपल्याच जिल्ह्यातला हा मजला उतरून पाहिलाच नाही. आजीने पाहिलं होतं, म्हणून तिच्याकडे गोष्ट होती. बाबांकडे नव्हती. म्हणून माझ्यापर्यंत शिरपूर आलं ते फक्त एक पाटी म्हणून.

हे सगळं मी परत येऊन हॉस्टेलवर सांगितलं, तर रूममेट म्हणाली, "म्हणूनच म्हणते, खालचं खाली राहू द्यावं. खणलं की भांडणच निघतं. तुझ्या रोमच्या पाद्र्यांचं ठीक आहे. मिथ्राचे भक्त आता कोर्टात जायला उरलेत का?"

मुद्दा बिनतोड आहे, मान्य करावाच लागेल. सान क्लेमेंतेमध्ये खालच्या मजल्यावरचा देव आज कोणाचाच नाही, म्हणून तो सगळ्यांचा झाला. तिकीट काढा आणि पाहा. शिरपूरला खालच्या मजल्यावरचा देव आज हजारो लोकांचा आहे. रोजची पूजा आहे, नवस आहेत. त्यामुळे रोमसारखं करा असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. मी दोन दिवस तिच्याशी वाद घालत होते, मेसमध्ये, कपडे वाळत घालताना, अगदी व्हायवाच्या रांगेतसुद्धा.

पण तिच्या म्हणण्यातलं एक मला पटत नाही. खाली राहू दिल्याने भांडण मिटतं हे कुठे दिसलं? शिरपूरला कोणी नवीन खणलं नव्हतं. दार बंद होतं, तरी वाद चालूच होता. सान क्लेमेंतेच्या पाण्यासारखंच आहे हे. वरून फरशी पक्की केली म्हणून खालचं पाणी आटत नाही. त्याला वाट काढून द्यावी लागते. आणि वाट काढायची तर आधी खाली उतरून पाणी कुठून येतंय ते पाहावं लागतं, मोजावं लागतं. म्हणून त्या आजोबांना आज मी सांगेन, दर्शनालाही आलो होतो आणि मोजायलाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. मोजणारा माणूस हे माझं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, की हे इतकं लांब, इतकं रुंद, असा दगड, अशी कमान. टेपला पंथ नसतो.

आणि प्रश्न एकट्या शिरपूरचा नाही. आपण ज्या मातीवर राहतो तिच्याखाली मजलेच मजले आहेत. आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथे सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात संस्कृतबरोबर प्राकृतही आहे. याच शाखेतला राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याची सोळावी लेणी कोरवून घेतली. अजिंठ्याला ट्रिप सगळ्यांचीच जाते. पण ज्या गावाहून तो पैसा आणि हुकूम निघाला, ते वाशीम आमच्या वर्गातल्या किती जणांना माहीत आहे?

रोमचंच वेड असेल तर धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या, संत गोरोबाकाकांचं गाव. रोमन व्यापाराच्या काळात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पुस्तकात 'तगर' म्हणून त्याचं नाव आहे. इथल्या उत्खननात रोमशी व्यापार होता हे सांगणाऱ्या वस्तू निघाल्या. तिथे मिळालेली हस्तिदंती बाहुली पाहिली की इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण होते. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून पोचली होती. आणि याच तेरमधलं त्रिविक्रमाचं मंदिर मुळात विटांचं बौद्ध चैत्यगृह होतं असं अभ्यासक सांगतात. मागचा भाग अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छप्पर. आज आत विष्णू उभा आहे. लोक हात जोडतात, घंटा वाजवतात, बाहेर पडतात. भिंतींना काही त्रास होत नाही!

शेवटी सगळ्यात खालचा मजला तर आपल्या सगळ्यांचा एकच आहे, बेसाल्ट. समृद्धीचं काम चालू असताना आमच्या गावाजवळ डोंगर कापले तेव्हा मी तो पाहिला होता. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्यावर वाकाटक, यादव, निजाम, इंग्रज आणि आता १२० च्या स्पीडने जाणाऱ्या गाड्या. त्या गाड्यांतल्या लोकांना शेलूबाजार म्हणजे एक हिरवी पाटी. मी शिरपूरशी जसं वागले, तसंच ते माझ्या गावाशी वागतात. तक्रार कोणत्या तोंडाने करू?

मित्रांनो, नुसतं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, म्हणून एक साधी सूचना करते. सर आणि मॅडम लोकांनीही जरा मनावर घ्यावी.

आपल्याकडे दर वर्षी सर्व्हे कॅम्प होतो. काय करतो आपण त्यात? कॉलेजच्या मागच्या माळावर टोटल स्टेशन लावून त्याच त्या बाभळी मोजतो. मागच्या बॅचच्या जर्नलमधले आकडे थोडे इकडे तिकडे करून शीट काढतो. (करत नाही असं म्हणणाऱ्याने हात वर करावा.) त्या बाभळींचं काँटूर मॅप आजवर कोणाच्या कामी आलंय? त्याऐवजी तोच कॅम्प दर वर्षी एखाद्या जुन्या बांधकामावर न्यावा. भांडणाच्या जागी नको, आधी साध्या जागा घेऊ. गावाबाहेरची पडकी बारव, हेमाडपंती देऊळ, गढी, जुना दर्गा, जुनं चर्च. गावकऱ्यांची आणि जिथे लागेल तिथे पुरातत्त्व विभागाची परवानगी घेऊन प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन काढायचे. पाणी कुठे मुरतंय, दगड कुठे सरकलाय, चुना कुठे सुटलाय ते लिहायचं. आणि त्याची एक प्रत लायब्ररीत, एक ग्रामपंचायतीत ठेवायची. सिव्हिलवाल्यांनी मोजावं, कॉम्प्युटरवाल्यांनी थ्रीडी मॉडेल करावं, आणि बाकीच्यांनी निदान डबे तरी आणावेत!

यातून काय मिळेल? दहा वर्षांत दहा जागांचे खरे नकाशे आपल्या कॉलेजच्या नावावर असतील. एखादी बारव ढासळली तर ती मुळात कशी होती हे सांगणारा एक तरी कागद असेल. आणि उद्या कोणी भांडायला आलं, की इथे आधी अमुक होतं, तमुक होतं, तर निदान ऐकीव गोष्टीवर नाही, मोजलेल्या कागदावर बोलणं होईल. भांडण थांबेल असं मी म्हणत नाही. पण कागद असला की आवाज जरा खाली येतो, हे हॉस्टेलच्या मेसच्या हिशोबात आपण सगळ्यांनी पाहिलंय.

सान क्लेमेंतेमधली एक गोष्ट सांगायची राहिली. खालच्या चर्चच्या एका भिंतीवर खांब ओढणारे मजूर रंगवलेले आहेत आणि त्यांच्यावर खेकसणाऱ्या मालकाचे शब्द लिहिलेले आहेत. चांगल्या लॅटिनमध्ये नाहीत, रस्त्यावरच्या बोलीत, आणि जरा शिवराळच. इटालियन भाषेच्या अगदी सुरुवातीच्या लेखी नमुन्यांमध्ये ते शब्द धरले जातात. आपल्याकडेही मराठीतल्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी एक श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी कोरलेलं आहे. म्हणजे दोन्हीकडे लोकांची भाषा सापडली ती देवाच्या पायाशी किंवा पायाखाली. वाकून पाहिलं म्हणून सापडली.

डिसेंबरात घरी गेले तेव्हा आजीला सांगितलं, शिरपूर पाहून आले. तिने विचारलं, "मंग? जाते का पदर खालून?"

मी म्हटलं, "आजी, तिथे उभी राहिले आणि बघायचंच विसरले."

"बरं झालं," ती म्हणाली, "पुन्हा जाशीन तं मलेबी ने. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली, उतरली नाही मी खाली."

पुढच्या सुट्टीत जाणार आहे. या वेळी टेप नाही नेणार, आजीला नेणार. टेप कॅम्पला.